न मोजलेली उडी

सर, परवा शाळेने मला बोलावलं होतं. लांब उडीचा माझा विक्रम अजून तसाच आहे, म्हणून शाल आणि नारळ. मुख्याध्यापिका बाई माईकवर म्हणाल्या, हा विक्रम आता कधीच मोडणार नाही. खरंच आहे ते. तुम्ही टेम्पोने वाळू आणून भरलेला हौद होता तिथे आता चार मजली इमारत आहे, आणि मुलं भाड्याच्या टर्फवर खेळायला जातात. बाई बोलत होत्या आणि मी तिथे नव्हतेच. मी धावतेय, फळी पायाखाली येतेय, आणि मग हवेतला तो क्षण, ज्यात सगळी शाळा मुकी होते, खाडीवरचा वारा पोटात शिरतो आणि खाली यायची कसलीच घाई नसते. उतरले तेव्हा तुम्ही दोनदा टेप लावलीत, हौदाच्या कडेला खुंटी ठोकलीत आणि नुसते हसलात.

पुढच्या वर्षी माझा घोटा मुरगळला होता. जिल्ह्याला एकच मुलगी जाणार होती. तुम्ही सरळ सांगितलंत, "नववीतल्या त्या डोंगरीच्या मुलीने तुझी खुंटी ओलांडली तर ती जाईल, नाहीतर तू." आणि फाऊल बघायच्या झेंड्या माझ्याच हातात दिल्यात. मी म्हटलं, "सर, मी कशी?" तर ओरडलात, "फळीवर बसलं की मैत्रीण नाही, वैरी नाही. तुझ्याइतकी ती फळी कोण ओळखतं?" तुम्ही लहान मुलांची शर्यत सोडायला मैदानाच्या पलीकडे गेलात. ती अनवाणी धावत आली. तिचा पाय फळीवर पडला, पुरता आत, आणि ती उडाली ती खाली येईचना, असं मला अजूनही स्वप्नात दिसतं. माझ्या हाताने लाल झेंडी वर केली. फाऊलची उडी कोण मोजतं? तुम्ही येईपर्यंत मी लंगडत जाऊन वाळू सारखी करून टाकली होती. तुम्ही फक्त विचारलंत, "नक्की?" मी मान हलवली. जिल्ह्याला मी सहावी आले.

परवा कार्यक्रम संपल्यावर खाकीतली एक बाई पुढे आली. "ताई, ओळखलं?" तीच. आता डोंगरीच्या बसवर कंडक्टर आहे, ड्यूटी बदलून आली होती. "मी पोरांना सांगते, त्या रेकॉर्डच्या जवळ मी पण गेलेली. पण पाय पडला ना पुढं!" ती हसत होती. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "नव्हता पडला. मी पाहिलं होतं."

ती म्हणाली, "बाबा म्हणायचे, तुझं ध्यानच न्हाय. खेळ सोडायला लावला त्यांनी. आता ते पण न्हाय, सांगू कोणाला?" मग तिनेच विचारलं, "किती गेलेली मी?" मी बोटं ताणून दाखवलं. माझ्या खुंटीच्या पुढे एक वीत. तिने आपली वीत माझ्या वितीला लावली, तिची थोडी मोठी भरली. "म्हणजे एवढी हाय," ती म्हणाली, स्वतःशीच. माफ केलं म्हणाली नाही, रागावलीही नाही. बसची वेळ झाली म्हणून निघून गेली, आणि मी तिला फाटकापर्यंत बघत राहिले.

सर, तुम्ही असतात तर त्याच दिवशी विक्रमांच्या फळ्यावरचं माझं नाव पुसायला लावलं असतंत. मीही बाईंकडे जाऊन हेच सांगायचं ठरवलं होतं. पण तेवढ्यात फोटोवाल्याने हाक मारली, आणि मी त्या फळ्याखाली जाऊन उभी राहिले. शाल नीट केली. हसलेसुद्धा. फोटो चांगला आलाय, सर. मी तो हॉलमध्ये लावलाय.