नटीची उत्तरं, बाईंचे प्रश्न

बाई, तुम्ही गेलात त्याला एकोणीस वर्षं झाली. आज तुमची वही समोर आहे म्हणून लिहिते आहे. वही म्हणजे तुमच्या नाटकातली माझी नक्कल, तुमच्या अक्षरातली: फक्त माझी वाक्यं, आणि प्रत्येकाआधी तुमच्या वाक्यातले शेवटचे दोन शब्द. एकोणिसाव्या शतकातल्या त्या अमेरिकन नटीचं आयुष्य तुम्ही दोघींत बसवलं होतं. मी नटी, म्हातारी, निरोपाच्या प्रयोगाआधी आरशासमोर बसलेली; तुम्ही तिला पोशाख चढवणारी जुनी सेविका, विंगेतून प्रश्न विचारणारी. कॉलेजच्या हॉलमागच्या खोलीत मी एकदा पूर्ण संहिता मागितली. स्टोव्हवर चहा उतू चाललाय आणि तुम्ही उठत नाही. "तिला कुणी पूर्ण नाटक दिलं होतं का गं? त्या काळी नटांना आपापला कागद मिळायचा. समोरचा काय म्हणतो ते ऐक."

पुढच्या शुक्रवारी इथे आखातातल्या मराठी मंडळात ते नाटक करायचंय. अल मन्सूरातल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीबाहेर आज धूळ इतकी आहे की समोरच्या इमारती विरघळल्यासारख्या दिसतात. मी म्हणते, "नदीवर धुकं होतं," आणि त्या धुळीतून नटीच्या बापाच्या नाटक कंपनीची बोट येते. आठ वर्षांची पोर खोक्यावर उभी राहून बोलते आहे. मग तीच मोठी होऊन राजपुत्राच्या पोशाखात तलवार उपसते, गावोगाव फिरते, तीनदा कायमचा निरोप घेते आणि तीनदा परत येते. मला वाटतं, तिच्या मागे कुठेतरी तुमचा आवाज असणार. तो येत नाही.

चौदा वर्षांची लेक सोफ्यावर वही धरून बसली होती. "आई, व्हॉट इज शी इव्हन आन्सरिंग?" वहीत एवढंच होतं: '...भीती वाटली?' आणि त्यावर माझं, 'नाही. बाबा बघायचे थांबले तेव्हा वाटली.' कशाची भीती, ते मला सांगता येईना. "यू फरगॉट?" "विसरले गं." पूर्ण संहितेची तुमची प्रत रद्दीत गेल्याचं तुमच्या भावाने मागेच कळवलं होतं. चार दिवस बसून प्रश्न मीच लिहिले. मंडळाच्या सेक्रेटरींना फोन करून म्हटलं, कार्डावर लेखक म्हणून बाईंचं नाव आहे त्याखाली, प्रश्न माझे आहेत असं घाला. "अहो ताई, कोण बघतंय? कार्ड छापायला गेलं, खलास." तेव्हा पडदा उघडण्याआधी मीच सांगणार आहे. माझे प्रश्न तुमच्या नावावर खपायला नकोत.

पण लेकीला सांगितलं ते खरं नाही. तेव्हा आपले सहा प्रयोग झाले, बाई. तुम्ही विंगेत बोलत होतात आणि मी फक्त शेवटच्या दोन शब्दांची वाट पाहत होते. प्रश्न मी कधी ऐकलेच नाहीत. सगळे म्हणायचे, हिचा एकही शब्द चुकत नाही. तुम्ही मात्र तसं कधी म्हणाला नाहीत.

हे पत्र वहीतच राहील. काल तालमीत तुमच्या जागी, सेविका म्हणून उभ्या राहिलेल्या लेकीने अडखळत, मराठीत, पहिला प्रश्न पूर्ण विचारला. शेवटचे दोन शब्द आले आणि माझं वाक्य नेमकं तोंडातून बाहेर पडलं. मग मी थांबले. "परत म्हण." "व्हाय? इज माय मराठी दॅट बॅड?" तिचे उच्चार चांगले होते. प्रश्न मीच लिहिलेला होता, तरी तिने तो कसा विचारला, ते मी ऐकलं नव्हतं.