दाराजवळची जागा

वेसावे,
९ ऑक्टोबर १९८४

प्रिय कमळ,

ऑपरेशनची जखम भरली का गं? तुझ्या आयचे गुडघे कसे आहेत? तुझ्या धर्माभाऊचा खोकला गेला? आणि आपली सुलक्षणा, ती तिकडच्या शाळेत रमली का?

तू गोराईला माहेरी गेलीस आणि अंधेरीच्या मासळीबाजारात दाराजवळच्या तुझ्या जागेवर मी बसले. महिन्याने तू आलीस तरी उठले नाही. तू सगळ्यांसमोर ओरडलीस, "जाऊबाई, आजारी बाईची जागा खाता?" मीही ठसक्यात म्हटलं, "सासूबाईंनी ती मलाच दिलीय!" तू पाठ फिरवलीस, ती परत आलीच नाहीस.

खोटं बोलले गं. सासूबाईंनी त्या जागेवरचा आपला पाट तुझ्या हातात दिला तेव्हा मी तिथेच उभी होते. तुझा नवरा दर्याने नेला, तेव्हापासून तुझं घर त्याच जागेवर चालतं. तू एकदाच भांडलीस. मी रोज स्वतःशी भांडत होते.

आज सकाळी माझा पाट उचलून नळाजवळच्या जुन्या कोपऱ्यात मांडला. बायकांना मोठ्याने सांगितलं, "ती जागा कमळची. मी खोटं बोलले." गिऱ्हाईक कमी आलं, पण कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

तुला वाचता येत नाही, पत्र सुलक्षणाच वाचणार. पोरीला काकूचा खोटेपणा कशाला? तुला तोंडानेच सांगेन. हे डब्यात ठेवते आणि कार्डावर एवढंच लिहिते: जागा धुऊन ठेवलीय. कधी येतेस ते लगेच कळव.

तुझी थोरली जाऊ,
मंजुळा