राहीची शेवटची खूण

मुरुड,
ता. १२ जानेवारी २०२५

ती. मालनआत्यास, शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड ऐकू येत नाही आणि ते तू कबूल करत नाहीस, म्हणून पत्र. शाळेत गाईड पथक पुन्हा सुरू केलं. तुझी लेक राही गेल्यापासून ते बंदच होतं. तू पहिल्यांदा पथक काढलंस तेव्हा मुलींना रानात नेते म्हणून गाव हसलं होतं. आता आयाच शिट्ट्या घेऊन देतात.

परवा पोरींना दाभोळच्या सड्यावर, त्या उघड्या कातळावर नेलं. रागावू नकोस. त्या वर्षी आमची संघनायिका राही दगडांचे बाण मांडत पुढे गेली, ती इथूनच. मागून आम्ही पोचलो, तर बाण खाडीवरच्या कड्यापाशी संपलेले आणि राही कुठेच नाही. शेवटची खूणही नव्हती.

आत्या, परवा तिथे दगडांचा गोल होता, मधोमध एक दगड. म्हणजे तीच शेवटची खूण, 'मी घरी गेले.' पोरी सगळ्या माझ्यासमोर होत्या, त्यांनी मांडलेला नाही. शेवटी येणाऱ्याने खुणा मोडायच्या हा आपला नियम, पण माझा हात पुढे झाला नाही. काय करू?

माया आहेच, ती राहू दे.
तुझी मृणाली

मंडणगड,
ता. १८ जानेवारी

चि. मृणालीस, अ. उ. आ.

ऐकू मला चांगलं येतं, तूच पुटपुटतेस. खरं सांग, गोल तूच मांडलास ना? आत्याने लेकीची वाट बघणं सोडून एकदाची दाराला कडी लावावी म्हणून? लहानपणापासून तू अशीच, दुसऱ्याचं रडू थांबवायला थापा मारणारी. मी रागावणार नाही, पण मला खोटी आशा लावू नकोस. ती सोसत नाही.

राही शाळेतून आधी घरी आली की माझ्यासाठी पायरीवर हीच खूण मांडायची. मधल्या दगडाखाली काहीतरी ठेवायची. काय, ते लिहीत नाही. तो दगड उचल आणि कळव.

तब्येतीला जप.
तुझी आत्या

मुरुड,
ता. २३ जानेवारी

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

दगडाखाली चिंचोके आहेत. सड्यावर चिंचेचं झाड नाही गं. मला भीती वाटते. पथक बंद करावं म्हणते. तू लवकर ये.

मृणाली

मंडणगड,
ता. २ फेब्रुवारी

चि. मृणालीस, अ. उ. आ.

सुखरूप पोचले. सड्यावर मला हाताला धरून नेलंस, बरं वाटलं. पायरीवरही ती चिंचोकेच ठेवायची. शेवटी येणारी मीच होते, म्हणून दगड मीच मोडले. इतकी वर्षं पोर बाहेर ताटकळेल म्हणून दार नुसतं लोटून निजत होते. आता वाट कुणाची बघायची? रात्री पहिल्यांदा आतून कडी लावली आणि पोटभर रडले.

पथक बंद करू नकोस. पोरींना सगळ्या खुणा शिकव, शेवटची आधी शिकव.

आता तूही इकडे येत जा, आठवण ठेव.
तुझी आत्या

ता. क. सकाळी पत्र टाकायला निघाले, तर कडी काढलेली होती. घरात मी एकटीच, आणि आतली कडी बाहेरून निघत नाही.