राणीची ऐट

१० नोव्हेंबर
घोडी घेतली. अकलूजच्या बाजारातून. नाव राणी. तांबडी, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणजे अस्सल पंचकल्याणी. बाजारातले लोक बघत राहिले. घोडीकडे की माझ्याकडे, ते सांगता येत नाही.

घरचं स्वागत थंड. भाग्यश्रीनं घोडीला ओवाळलं आणि मग मला म्हणाली, ‘आवं, तुमाला यष्टीत चढताना मागनं ढकलाय लागतं. हिच्यावर कसं चढनार?’ बायकोला घोड्यातलं काय कळतं? सम्मेदनं (आमचा एकुलता एक, शिकून वाया गेलेला) विचारलं, पप्पा, तुम्ही जन्मात कधी घोड्यावर बसलाय का? उत्तर देणं माझ्या स्वभावात नाही. सांगली-मिरजेतल्या अर्ध्या घोड्यांच्या पोटात माझ्या दुकानाचा दाणा गेलाय. टांगेवाले, शर्यतवाले, वरातवाले, सगळे माझ्याच दारात. पेंड-भुशाच्या दुकानदाराला घोडा आतून माहीत असतो. वर बसणं ही नुसती फॉर्मॅलिटी.

११ नोव्हेंबर, पहाटे
संकल्प: आजपासून रोज रपेट. विश्रामबागेत लोक मॉर्निंग वॉकला निघतात त्याच वेळेला, म्हणजे दिसेल.
आज नको. घोडी प्रवासानं दमलीय.

त्याच दिवशी, दुपारी
विकणाऱ्यानं निघताना सांगितलं होतं, ‘शेट, रोज फिरवा. दाना मातर हात राखून.’ चिक्कू माणूस. राणी आता अजितकुमार मगदूमच्या दारात आहे. घमेलंभर हरभरा, घमेलंभर मक्याचा भरडा, वर गूळ. सकाळ, दुपार, संध्याकाळ. मी हातानं भरवतो. खाताना माझ्याकडे बघते. पन्नाशी उलटली, पण माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं.

१९ नोव्हेंबर
रपेट नाही. खोगीर यायचंय.

२६ नोव्हेंबर
खोगीर आलं. रिकिबी फार वर. दुरुस्तीला टाकल्या.

१ डिसेंबर
रिकिबी आल्या. कंबर धरली.

८ डिसेंबर
आज बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, पंचकल्याणक महोत्सवाच्या मानांचे सवाल झाले. इंद्र-इंद्राणीचा मान इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यानं घेतला. जाऊ दे. रथात बसून जाणं म्हणजे पॅसेंजरचं काम. मी थांबलो. मिरवणुकीच्या पुढे घोड्यावरून धर्मध्वज न्यायचा सवाल पुकारला आणि मी बोली अशी चढवली की बाकीच्यांनी माना खाली घातल्या. घोडी पंचकल्याणी, पूजा पंचकल्याणक. ज्याला यात संकेत दिसत नाही तो आंधळा.

समितीचे अध्यक्ष म्हणाले, नेहमीसारखा वरातीचा घोडा आणू, त्याचा माणूस लगाम धरील, तुम्ही नुसतं बसा. मी माइक मागून घेतला. घोडी स्वतःची असेल, लगाम कुणी धरणार नाही, मी लहानपणापासून घोड्यांत वाढलोय, असं सांगितलं. टाळ्या. भाग्यश्रीनं पदर तोंडाला लावला. अभिमानानं.

मिरवणूक २ फेब्रुवारीला. भरपूर वेळ आहे.

१५ डिसेंबर
वेळ आहे म्हणून घाई नको.
राणीची तब्येत बघण्यासारखी झालीय. मानेवर मांसाची वळी आलीय, पुठ्ठे टरारून आलेत. आज एक गिऱ्हाईक मागं डोकावून म्हणालं, ‘शेट, घोडी गाभण हाय काय?’ जळतात. त्यांच्या घोड्यांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात.

२३ डिसेंबर
सम्मेद म्हणतो, निदान तिला गोडाऊनच्या मागं चार पावलं चालवा. त्याला मी सांगितलं, ऑलिंपिकचे खेळाडूही स्पर्धेआधी विश्रांती घेतात. त्यानं विचारलं, मग स्पर्धेनंतर काय करतात? हल्लीच्या मुलांना बापाशी बोलायची पद्धत नाही.

४ जानेवारी
नवीन गोष्ट. राणी उभी राहते ती अशी: पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळं अंग मागं रेलून. जुन्या फोटोत राजेलोक आरामखुर्चीत बसलेले असतात, तशीच. रक्तातच ऐट आहे! मोबाइलवर फोटो काढून समितीच्या ग्रुपवर टाकला. सतरा अंगठे आले.

भाग्यश्री बराच वेळ बघत उभी राहिली. म्हणाली, ‘हिचं पाय दुकत्यात वाटतंय. माज्या गुडघ्यांच्या वेळंला मीबी अशीच उभी ऱ्हायची.’ तिचे गुडघे आणि माझी घोडी! मी हसलो. त्या वेळीही मी तिला सांगितलं होतं की हे वजनाचं आहे, दुखण्याचं नाही.

११ जानेवारी
राणीचे खूर हाताला गरम लागतात. थंडीच्या दिवसांतही. जातिवंत जनावर गरम रक्ताचं असतं.
दाणा वाढवला.

१८ जानेवारी
आज बसायचं ठरवलंच होतं. स्टूल लावलं. राणी एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत राहिली. म्हणजे मिरवणुकीची चाल आपोआप शिकतेय. शिकणाऱ्याला मध्ये अडवू नये. स्टूल परत नेलं.

२७ जानेवारी
मुकुट आला. पिवळा पितांबर आला. आरशात पाहिलं. खांदे जरा आणखी रुंद हवे होते. बाकी स्वारच.

राणी आज दिवसभर बसूनच होती. उठवायला गेलो तर कण्हली. आळस! खाऊन-पिऊन सुस्तावलीय. मी तिला स्पष्ट शब्दांत सांगितलं, बाई, एवढं घातलं ते कशासाठी? एक दिवस चालायचं आहे. फक्त एक दिवस. उठेना म्हणून शेपटाशी काठी लावली. मारली नाही. मी मुंगीसुद्धा मारत नाही.

१ फेब्रुवारी
भाग्यश्रीनं आज हात जोडले. म्हणाली, ‘आवं, उद्या भाड्याचा घोडा आनू या. तुमचा मान कुटं जात न्हाई.’ मी म्हणालो, मान घोडीचा आहे, मी नुसता वर बसणार. ती म्हणाली, ‘मग तिला इचारा की.’ विनोद करते. गुडघ्यांची औषधं डोक्यात गेली असावीत.
झोप येत नाही. आनंदानं.

२ फेब्रुवारी
आज लिहीत नाही.

३ फेब्रुवारी
लिहितो. लोक सांगतायत ते सगळं खोटं आहे, म्हणून खरं काय झालं ते एकदा नीट लिहून ठेवतो.

दुकानाच्या कट्ट्यावरून मी राणीवर बसलो. एकट्यानं बसलो, फक्त तिघांनी धरलं होतं. मागं बँड, त्याच्या मागं कलश घेतलेल्या बायका, त्यांच्या मागं रथ. मी ध्वज उचलला. राणी चार पावलं चालली. डांबरावर पाय असा टाकत होती की जणू खाली निखारे आहेत. लोकांना वाटलं नाचतेय, म्हणून बँडवाल्यांनी चाल बदलली. मी टाच मारली. मग ध्वजाच्या काठीनं हलकेच टोचलं. हलकेच म्हणजे, दोन-तीनदा.

चौकाच्या अलीकडे तिनं गुडघे टेकले आणि मग आडवी झाली.

मी उतरलो नाही. हे कुणी सांगत नाही! ती रस्त्यावर पडली तरी मी तिच्या अंगावर, ध्वज सरळ. स्वारानं घोडं सोडायचं नसतं. मागं सगळी मिरवणूक थांबली. रथातला यंत्रमागवाला वाकून बघत होता. पोरांनी मोबाइल काढले. राणीच्या तोंडातून फेस येत होता आणि ती कण्हत होती. ते बँडमुळे मला ऐकू आलं नाही. खरं म्हणजे थोडं आलं.

मग भाग्यश्री बायकांच्या रांगेतून बाहेर आली. कलश शेजारणीच्या हातात दिला आणि माझ्या पितांबराला धरून मला खाली ओढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, आजवर चारचौघांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. काल मारली. ‘अजितकुमार, उतर.’ मी उतरलो.

ध्वज सम्मेदनं चालत नेला.

४ फेब्रुवारी
डॉक्टर आली. डॉ. संयोगिता, फलटणची, कालची पोरगी. खूर हातात घेतला तेव्हा राणीनं पाय ओढून घेतला. डॉक्टर म्हणाली, खुरांच्या आत सूज आहे, दाण्यानं झालीय, महिनाभर तरी दुखत असणार. कशी उभी राहायची, तिनं विचारलं. मी ऐटीचा फोटो दाखवला. तिनं तो बघितला आणि मोबाइल परत दिला. मग म्हणाली, ‘काका, तुम्ही हिला रोज मारलं असतं तरी एवढं झालं नसतं.’

दाणा बंद. फक्त सुकं गवत. खाली वाळू. बसायचं तर नावच नको.
दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हवं.

१० फेब्रुवारी
व्हिडिओ पलूसपर्यंत पोचलाय. गिऱ्हाइकं दुकानात येतात आणि माझ्याकडे बघण्याआधी पेंडीच्या पोत्याकडे बघतात. एकानं विचारलं, ‘शेट, ह्यो मका म्हशीला चालतोय न्हवं?’ आणि बाकीचे हसले.

राणी गवताला तोंड लावत नाही. माझी वाट बघते. मूठभर हरभरा दिला. मुठीनं काय होतं? प्रेमाला डॉक्टर नसतो.

१३ फेब्रुवारी
दोन मुठी.

१७ फेब्रुवारी
दुकानातून आलो तर गोडाऊनच्या मागं नुसती वाळू. घोडी नाही. भाग्यश्रीनं तिच्या भावाला, आप्पासोला बोलावून राणी टेम्पोत घालून पलूसला, माहेरी पाठवली. सम्मेदनं टेम्पो आणला. पोटच्या पोरानं.

मी म्हणालो, ही चोरी आहे. भाग्यश्री चपात्या लाटत होती. म्हणाली, ‘तुमच्या खिशात हरभऱ्याची टरफलं घावली, कापडं धुताना. मारून टाकाल तुमी तिला.’ मी विचारलं, माझ्याइतका जीव तिला कोण लावणार? ती म्हणाली, ‘कुनी नको. गवत घातलं म्हंजे झालं.’

तीन महिने जीव लावला, त्याचं हे.

२ मार्च
पलूसला जायचं नाही. माफी मागायला तेच येतील.

२० एप्रिल
कुणी आलं नाही.

८ जून
शेवटी मीच गेलो. मोठ्या माणसानं मन मोठं ठेवावं. हात रिकामे होते, भाग्यश्रीनं निघताना खिसे तपासले.

आप्पासोच्या मळ्यात, द्राक्षबागेच्या कडेला, तारेचं कुंपण. राणी आत होती. पार वाळलीय, म्हणजे लोक म्हणतात सडपातळ. आप्पासोची आई, म्हणजे माझी सासू, खुर्ची टाकून बसली होती. म्हातारीनं नुसतं ‘ये गं’ म्हटलं आणि राणी दौडत आली. दौडत! मी तिची दौड कधी बघितलीच नव्हती. शेपूट उंच, मान ताठ, चारी पांढरे पाय जमिनीला लागतायत की नाही असं वाटत होतं. माझे डोळे भरून आले. एवढं देखणं जनावर मी निवडलं होतं. मीच.

मी कुंपणाजवळ जाऊन हाक मारली. राणी.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं, यात शंका नाही. मग तिनं पुढचा उजवा पाय उचलून धरला, आणि लंगडत, लंगडत, मागच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. पुढचे पाय लांब टाकून, मागं रेलून.

मी आप्पासोला सुनावलं, हे बघा, पाय अजून दुखतोय, नीट काळजी घेत नाही तुम्ही. म्हातारी म्हणाली, ‘सकाळपास्नं तर बरी हुती, बाबा.’ आणि मला चहा प्यायलाही थांब म्हणाली नाही.

फाटकाबाहेर, गाडीशी आल्यावर वळून बघितलं. दौडत होती.