बिल्ला भाऊजींच्या फोटोखाली लावू नये

सगळ्यांच्या आधी आले ते भाऊजी, माझे धाकटे दीर. बोलावलं कोणी नव्हतं. संग्रहालयाची माणसं येणार हे ऐकून इस्त्रीचा सदरा घालून खुर्ची अडवून बसले. माणसं आली आणि सरळ माझ्याकडे वळली. मला इतका आनंद झाला की म्हटलं, मृत्युपत्र आजच लिहावं. डोकं ठिकाणावर आहे, हात कापतो, कोणी पढवलेलं नाही. शाळा दोन इयत्ता, तेव्हा अक्षराला हसू नये.

राहती खोली मुलीची. शिलाईचं यंत्र नातीला. त्याचं पायडल करकरतं, तेल घालावं. मुलाने माझ्या आजारपणात दारातूनच तब्येत विचारली, बूटही काढले नाहीत. त्याला दारातलं पायपुसणं द्यावं.

आता पितळी बिल्ला. काडेपेटीच्या कारखान्यात पेट्या भरणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांत तो एकच. गळ्यात असेल तरच संडासाला जायचं; एक परतली की दुसरी. मालक त्याला शिस्त म्हणत. पुरुषांना असला बिल्ला नव्हता. संग्रहालयाच्या बाईने तो पांढरे हातमोजे घालून उचलला. मी म्हटलं, अगं, आम्ही कसल्या हातांनी धरायचो ते विचारू नकोस. हसता हसता मला ठसका लागला.

लहानी, म्हणजे भाऊजींची बायको, माझ्याच बाकावर बसायची. पोटुशी होती. एकदा बिल्ला दुसरीच्या गळ्यात होता, हिला धरवलं नाही. मुकादमाने सगळ्यांदेखत तिच्याकडूनच फरशी पुसून घेतली. तेव्हापासून कामावर ती पाणीच पीत नसे. पुढे मूत्रपिंडं गेली, मग तीही गेली.

संप झाला तेव्हा आम्ही बायकांनी सभेत सांगितलं, पहिली मागणी बिल्ला काढण्याची. भाऊजी पुढारी. म्हणाले, "वहिनी, मालकापुढे बायकांच्या संडासाचं बोलू? माझी काही लाज ठेवा." पगार वाढला, बिल्ला राहिला. संप जिंकला म्हणतात. कारखाना बंद झाला त्या दिवशी मी तो गळ्यात घालूनच फाटकाबाहेर पडले.

संग्रहालयात संपाच्या दालनात भाऊजींचा मोठा फोटो आहे. बिल्ला त्याखाली लावणार होते. लावू नये. वेगळ्या भिंतीवर लावावा आणि लिहावं: हा गळ्यात असल्याशिवाय बायकांना उठता येत नसे. संपात ही मागणी पुढाऱ्यांनी गाळली. लहानी यापायी गेली. हे जमत नसेल तर बिल्ला माझ्या गळ्यात घालून मला न्यावं.

संग्रहालयाचे साहेब भले. म्हणाले, "आजी, पुढाऱ्यांचं वाक्य लिहायला सभेतला आणखी कोणीतरी साक्षीला हवा." माझ्याखेरीज सभेतलं आता एकच माणूस उरलंय. मी खुर्चीकडे पाहिलं. भाऊजी "बघू" म्हणाले, चहा संपवला आणि गेले.

लिहून देणार: मी, माझ्या हाताने, माझ्या खोलीत, आज सोमवारी.
साक्षीदार पहिली: खालच्या मजल्यावरची नर्स. सही केली.
साक्षीदार दुसरे: भाऊजी. जागा मोकळी ठेवली आहे. संग्रहालयाची माणसं गुरुवारी परत येतो म्हणालीत.