पांढरा डबा, डबल बेल

५ मार्च
टँकर आला नाही. सकाळपासून ड्रमांची झाकणं काढून बसले, धूळ तेवढी भरली. समोर नव्या बिल्डिंगच्या स्लॅबवर मात्र पाइपने पाणी मारणं चालूच. कुठून येतं त्यांना, विचारायला जाणार होते. ह्यांनी हात धरून बसवलं.
फिजिओ मॅडम येऊन गेल्या. दिवाळीत अर्धांगाचा झटका आल्यापासून आबांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या दोन-तीन महिन्यांत हलवला नाही तर आखडेल. मग मीही काही करू शकणार नाही." दाबायला रबरी चेंडू दिला. त्या गेल्यावर आबांनी डाव्या हाताने तो खिडकीत ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. जन्मभर एसटीचं स्टिअरिंग फिरवलेल्या माणसाला चेंडू! मला दिला असता तर मीही खिडकीतच ठेवला असता. पण मी सून, मला ओरडावं लागतं. ओरडले.

८ मार्च, शुक्रवार
नमाज झाली की रशीदचाचांचा फोन. दर शुक्रवारी, हैदराबादहून. आबांच्या गाडीवरचे कंडक्टर. निम्मं आयुष्य दोघांनी एका गाडीत काढलं. खुलताबादचं घर बंद करून मुलाकडे गेले त्याला आता काही वर्षं झाली.
फोन आबांपुढे धरला. मान हलवली. नाही.
बोलता येत नाही असं नाही. येतं, पण जीभ अडखळते, लाळ येते, आणि ते चाचांनी ऐकायला नको. आमच्याशीसुद्धा हं आणि अंहं. मी म्हटलं, चाचा, झोपलेत.
"दुपारचा डायवर झोपतो का बेटी? राहू दे. सांग त्याला, गाडी डेपोत लागलीय. निघंल कधीतरी."
रडू आलं. मांडीवर गिऱ्हाइकाचा ब्लाउज होता म्हणून आवरलं.

११ मार्च
आबा चेंडूला शिवत नाहीत. मॅडमना फोन केला, दुसरं काही? म्हणाल्या, दोन्ही हातांनी गोल काही फिरवता आलं तर उत्तम.
गोल. एकदम आठवलं. कपाटावर ह्यांचा पांढरा डबा आहे. लग्नाआधी शहागंजातून जुना घेतलेला, व्हिडिओ गेमचा, टीव्हीला लावून खेळायचा. त्याबरोबर प्लॅस्टिकचं चाक होतं, हातात धरून फिरवलं की पडद्यावरची गाडी वळते. लग्नात मी आले आणि डबा कपाटावर गेला, असं हे चारचौघांत सांगतात. आज मीच शिलाई मशीनच्या स्टुलावर चढून काढला. झुरळाची अंडी निघाली. पुसला. लागला!

१४ मार्च
आबांनी चाक हातात घेतलं. डाव्या हाताने घट्ट, उजवा मी ठेवला वर, घसरला, परत ठेवला.
गाड्यांची शर्यत आहे. आबांना शर्यत मान्य नाही. डावी बाजू सोडत नाहीत. वळणावर हळू. एका रस्त्यावर मधे गायी येतात, सगळ्या गाड्या त्यांना ठोकून जातात. आबा थांबले. गाय जाईपर्यंत थांबले. मग निघाले. शेवटचा नंबर.
हे म्हणाले, "आबा, ती खोटी गाय आहे." आबांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की हे पाणी प्यायला आत गेले. विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळालेला माणूस आहे.

१९ मार्च
चाक बाजूला. दोन दिवस हात लावला नाही. का म्हणून फारच मागे लागले, तर पडद्यावरच्या गाड्यांकडे बोट करून बोलले. खरंच बोलले. "मान्सं… नायती."
बरोबर आहे. त्या गाड्या डबाच चालवतो, आत कुणी नाही.
हे म्हणतात, पूर्वी हा डबा इंटरनेटला जोडता यायचा, लांबलांबची माणसं एका रस्त्यावर यायची. आता चालतं का माहीत नाही.
मी चाचांच्या सुनेला, रुबीनाला फोन लावला. एकदाच भेटलोय आम्ही, खुलताबादला उरुसात. सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "भाभी, हमारे पास भी ऐसाच सफेद डब्बा है। बेटे का। वो हॉस्टेल गया, डब्बा पलंग के नीचे पड़ा।"
आता मी सोडत नाही.

२२ मार्च
टँ. आला, पण अर्धाच. रांगेत जोशीणबाईंशी वाजलं.
डब्याला आपलं वायफाय दिसतच नाही. ह्यांची वाळूजला सेकंड शिफ्ट, म्हणून मीच बसले. ज्याने नेट लावलं त्या पोराला बोलावलं. म्हणे, राउटर नवीन, त्याचं कुलूप नवीन पद्धतीचं. जुन्या डब्याला ते उघडत नाही. "काकू, भंगारात द्या हो. नवीन घ्या."
म्हटलं, "आमच्या घरात जुनंच चालवतात. डब्याला नवीन कुलूप उघडत नसंल तर तू राउटरला जुनं लाव."
जुन्या कुलपाला जोर नसतो म्हणाला, कुणीही घुसेल. घुसू दे. पाणी थोडंच नेणार आहे.
लावून गेला. डब्याला नेट दिसलं! हैदराबादला रुबीनाला हेच करायला सांगितलं. तिच्या नवऱ्याचं ऑफिसचं काम त्याच नेटवर चालतं, तो तयार होईना.  

२७ मार्च
रुबीनाचा नवरा दोन दिवसांनी तयार झाला, तिने काय केलं विचारलं नाही. दोन्हीकडे नेट दिसतं, पण पुढचं दार बंद. डबा लिहितो, सेवा समाप्त. ज्या कंपनीने केला तिनेच बंद केलंय, आणि तेही किती वर्षांपूर्वी. इतकी खटपट करून हे! चिडून दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या.
संध्याकाळी रुबीनाचा फोन. तिने शोधलं. कुठल्याशा देशातल्या काही लोकांना हा डबा इतका आवडायचा, की कंपनीने सोडल्यावर त्यांनी स्वतःची सेवा सुरू केली. फुकट. डब्याच्या सेटिंगमधे एका जागी त्यांचे आकडे घालायचे, की डबा कंपनीचं दार न वाजवता त्यांच्याकडे जातो. कोण माणसं असतील ही? आमच्या आबांसाठी काही केलं नाही त्यांनी, पण झालं आबांसाठीच.

२ एप्रिल
आकडे तीनदा चुकले. चष्मा बदलायला झालाय. चौथ्यांदा पडद्यावर पृथ्वीचा गोळा फिरायला लागला आणि त्यावर एकेक माणूस उगवलं. कुठली कुठली नावं, वाचता येईनात. आबा खुर्चीत पुढे सरकले.
"खरी मान्सं हायेत आबा. प्रत्येक गाडीत एक."
आणि मग जे झालं ते नीट लिहून ठेवते. शर्यत सुटली, सगळे भसाभस पुढे. मागून एक लाल गाडी आबांना चिकटली, तिला जागा मिळेना. आबांनी गाडी डावीकडे घेतली आणि हात बाहेर काढून दाखवला, जा पुढं. ड्रायव्हर लोक खिडकीतून साइड देतात तसा. उजवा हात. चाकावरून उचलला, खांद्यापासून, हलवला आणि परत चाकावर ठेवला.
त्यांना कळलंसुद्धा नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. ह्यांना फोन केला, शिफ्ट चालू होती तरी. 
शेवटचा नंबर आला. माझ्या लेखी पहिला.

११ एप्रिल
ईद. चाचांना मुबारक म्हटलं आणि म्हटलं, दरवर्षी शेवया तुमच्याकडून यायच्या, आज गाडी इथून येतेय.
दोन्ही डब्यांचे नंबर एकमेकांत घातले. फक्त दोन गाड्या, बाकी रस्ता मोकळा. या खेळात बोलता येत नाही, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून मधे ठेवला.
"काय रे डायवर! कायको रुसलास?" चाचांचा आवाज अजून अख्ख्या एसटीला पुरेल. आबा गप्प. पण उठून गेले नाहीत.
चाचांनी तिकडे स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवला. टण टण. डबल बेल. आबांनी गाडी काढली. हसले. झटक्यानंतर तोंड एका बाजूला जातं म्हणून हसणं टाळतात, आज टाळलं नाही.
चाचा बोलतच होते. दौलताबादच्या दरवाजातून एसटी काढताना कसे ते खाली उतरायचे, गाडीपुढे उलटं चालायचे, येऊ दे येऊ दे करत. "एक खरोंच नाय आली कधी गाडीला. कोणामुळं? बोल ना! माझ्यामुळं!"
आबांनी मान हलवली. फोनवर मान दिसत नाही, हे त्यांनाही कळलं असावं. जरा उदास झाले.

१९ एप्रिल, शुक्रवार
आता रोज, टँ. चं आटपलं की. उजव्या हाताला धरायचं सांगावं लागत नाही. मॅडमनी हात वाकवून पाहिला, विचारलं काय करता? मी म्हटलं, ड्यूटीवर जातात.
चाचा मात्र गाडी फारच वाईट चालवतात. भिंतीला, कठड्याला, थेट तळ्यात. कधी उलट्या दिशेने. आबा पहिल्यांदा वैतागले, मग पुढे जाऊन कडेला थांबायला लागले. चाचांची गाडी धडपडत आली की मग निघायचं. हे म्हणतात, "अशी शर्यत जगात नसंल." कंडक्टरला स्टिअरिंग दिल्यावर दुसरं काय होणार, म्हणून आम्ही हसतो.

२६ एप्रिल
हसायला नको होतं. रुबीनाचा फोन, हळू आवाजात.
"भाभी, अब्बा को दिखता नहीं। शुगर ने आँखें खा लीं। बाजू-बाजू का दिखता, बीच का पूरा काला। मैं बाजू में बैठ के कान में बोलती, दायें, बायें। आबा को नक्को बोलो। अब्बा ने कसम दी है।"
म्हणजे आबा आपली जीभ चाचांपासून लपवतात आणि चाचा आपले डोळे आबांपासून. आणि दोघांचं लपवायला आम्ही दोघी. दिवसभर राग आला, कुणाचा ते कळेना. आबांना सांगितलं नाही. बाहेरच्या खोलीत फोनवर चाचांच्या चमच्याची टण टण चालू होती.

४ मे
रस्ता रुंद करायला जेसीबी लावलाय, त्याने केबल तोडली. कॉलनीत कुणाकडेच नेट नाही. पोरगा म्हणतो, काम संपेपर्यंत जोडून उपयोग नाही, परत तुटेल. शहर वाढतंय म्हणे. वाढू दे, पण आमच्या केबलीवरून कशाला?
आबा काळ्या टीव्हीसमोर मांडीवर चाक घेऊन बसतात. मॅडमनी आज बोटं दाबून पाहिली. जाताना खिडकीतला चेंडू परत आबांपुढे ठेवला, ते मला आवडलं नाही.

१० मे, शुक्रवार
अजून नेट नाही. चाचांचा फोन. आबांपुढे धरला, मान हलवली. पण ओठ हलले होते, मी पाहिलं. आवाज काही आला नाही. भीती वाटते, मिळालं तेवढं परत जाईल.

१२ मे
नेट आलं. 
हैदराबादला जोडलं. दोन्ही गाड्या रस्त्यावर. चाचांची गाडी हलेना. बेलही नाही. मी विचारलं, चाचा, रुबीना कुठंय?
"लग्नाला गेली. सगळेच गेले. बेटी, डब्बा चालू करून गेली ती, पण…" थांबले. मग आबांना नावाने, जोरात, कंडक्टरच्या आवाजात, "किसन, ऐक. मला काय दिसत नाय. दोन साल झाले. रस्ता दिसत नाय, तुझी गाडी दिसत नाय. सून सांगती तसं फिरवतो मी. आज ती नाय. तू चालव, मी इथं बसतो, बेल मारतो."
मी आबांकडे पाहिलं नाही. धीर झाला नाही. टीव्हीकडे पाहिलं. आबांची गाडी पुढे होती. ती वळली. उलट्या दिशेने, जी बाजू त्यांनी कधी घेतली नाही त्या बाजूने मागे आली, चाचांच्या गाडीला वळसा घालून मागे उभी राहिली. तिथून चाचांची गाडी आणि पुढचा रस्ता दोन्ही दिसत होतं.
आणि आबा बोलले.
"ये… येऊ दे."
फोनमधे चमचा खाली ठेवल्याचा आवाज आला.
"येऊ… दे. येऊ दे. ड… डावी. डावी मार. येऊ दे."
लाळ आली, मी पदर पुढे केला, त्यांनी खांद्याने ढकलला. चाचांची गाडी हलली. नेट लांबचं, सांगितलेलं उशिरा पोचतं, गाडी कठड्याला घासली, तळ्यात पडली, परत वर आली. आबा ओरडले, "हाय का… हाय का गाडी… तुझ्या बा… बापाची!" अगदी जुने आबा. चाचा हसत होते की रडत होते, फोनवर कळलं नाही. मी दोन्ही करत होते.
एक फेरी पुरी झाली. किती वेळ लागला कोण जाणे, खेळाने कंटाळून आपोआप बंद केलं. पेल्यावर एकच टोला पडला. थांबा आला.
हे घरी आले तर मी सांगायच्या आत आबांनीच सांगितलं. "रशीद… आंधळा झाला." आणि मग रडले.

१७ मे, शुक्रवार
टँ. वेळेवर. जोशीणबाईंनी आपणहून माझा पाइप धरला. त्यांचा मुलगा आमच्या जुन्या कुलपातून नेट वापरतो हे मला माहीत आहे, त्यांना वाटतं, माहीत नाही.
चाचांच्या फोनला आबांनी स्वतः हात पुढे केला. उजवा. फोन पडला, पण केला. बराच वेळ आत दोघांचं चाललं होतं. एक वाक्य तीन वाक्यांएवढं लांबतं, पण चाचा मधे पुरं करून देत नाहीत, थांबतात. रुबीना म्हणते, डोळ्यांत इंजेक्शनं घ्यायची आहेत, घाबरतात, तारीख पुढे ढकलतात.
फोन ठेवून आबा मशीनपाशी आले. भिंत धरत, काठी न घेता. मी बाही जोडत होते.
"है… हैद्राबाद गाडी… किती वाजता?"
मी म्हटलं, "आबा, डॉक्टरांनी प्रवासाला अजून हो म्हटलेलं नाही."
"सुईच्या… तारखेला… कोन… उतरंल त्याच्यासंगं? पुढं… कोन चालंल?"
 मशीन चालू करायला गेले, फिरेना. मी हे लिहितेय तरी ते तिथेच उभे आहेत अजून, एका हाताने मशीनचं चाक धरून.