दोघींपुरतं घर

३ मार्च

घर सोडायला सांगितलं! मालकीणबाई स्वतः वर आल्या. एरवी चहा घेतल्याशिवाय हलत नाहीत, आज दारातच उभ्या. "मुलगी घर विकतेय. मेअखेर रिकामं करून द्या. माझा इलाज नाही हो." आईंनी खुर्ची पुढे केली, पण बसल्या नाहीत. जिना उतरताना रडल्या असाव्यात, कठड्याला धरून बराच वेळ थांबल्या होत्या.

मी रडणार नाही. एवढंसं हे राज्य! एका टोकाला बसमध्ये बसावं, डुलकी लागायच्या आत दुसरं टोक. त्यात दोघींपुरतं घर सापडणार नाही? दिवसभर चष्म्याच्या काचा घासते मी, केसाएवढा चरा माझ्या नजरेतून सुटत नाही. घर कुठं सुटतंय!

६ मार्च

एजंटकडे गेले. गुळगुळीत माणूस. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "होऊन जाईल". (आता त्याचं नावच होऊनजाईल.)

"ताई, राहणार कोण कोण?"

"मी आणि सासूबाई."

"आणि मिस्टर?"

"मिस्टर सोडून गेले. सासूबाई राहिल्या."

पेन खाली ठेवलं त्यानं. "म्हणजे मुलगा गेला, आणि आई सुनेकडे?"

"हो. चार वर्षं झाली. चांगलं चाललंय."

मग किती भाडं झेपेल ते सांगितलं, तर आधी हसला, मग म्हणाला, "एवढ्यात राजधानीत मोटार ठेवायची जागा मिळेल."

"तिला खिडकी असते का?"

"नाही."

"मग नको."

बाहेरून आलेल्या बँकवाल्यांनी भाडी चढवून ठेवलीत म्हणे. असतील. पण काचा बँकवाल्यांनाही लागतात, आणि त्या घासणाऱ्यांनाही कुठंतरी झोपावं लागतंच ना!

९ मार्च

पहिलं घर पाहिलं. मालक एकटेच, साठीच्या पुढचे, कडक इस्त्रीचा शर्ट. नळ सोडून बघते, तर त्यांनी आईंनाच गाठलं. "उद्या सुनेनं दुसरं लग्न केलं तर? भाडं कोण देणार?"

आई शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्हालाच विचारू. घर तर आहेच तुमच्याकडे."

घर गेलं! पण बसस्टॉपवर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. एक बाई उगाच आमच्याकडे बघून हसायला लागली.

१५ मार्च

आज तीन. एकाचं मोरीचं दार उघडलं की बाहेरचं दार उघडत नाही. दुसऱ्यात भिंतीवर बुरशीचा नकाशा. तिसरं छान होतं, म्हणून आधीच गेलेलं.

पायांचे तुकडे पडलेत. पण घाबरलेली नाही हं.

२१ मार्च

चिरंजीवांचा फोन. (आईंचे चिरंजीव. माझे आता कुणीच नाहीत ते.) तो राज्याच्या हद्दीपलीकडे राहतो. तिकडे घरं मोठी आणि स्वस्त. घर जातंय हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे.

"आईला माझ्याकडे पाठव. अख्खी खोली रिकामी आहे. तुला एकटीला काय, एक खोली पुरे. तुझंही ओझं कमी होईल."

ओझं!

"आईंना इथंच राहायचंय," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे." ठासून सांगितलं आणि फोन ठेवला.

आई आत स्वेटर उसवत बसल्या होत्या. "कोण गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, तोच, खुशाली विचारत होता. त्यांनी मान हलवली आणि लोकर गुंडाळत राहिल्या.

२ एप्रिल

आईंना घरं बघायची चटक लागलीय! मी कामावर गेले की ज्येष्ठांचा पास घेऊन बसनं निघतात. भिंतीवरच्या पाट्या वाचतात, सरळ घंटी वाजवतात. संध्याकाळी मला हवालदारासारखा अहवाल: "नदीजवळचं — ऊन चांगलं, मालकीण खडूस. शाळेमागचं — मालकीण चांगली, पण वर कुणीतरी दिवसभर उड्या मारतं."

"दमत नाही का हो आई?"

"दमते की. पण लोकांच्या घरात शिरायला मिळतं, तेही हक्कानं! जन्मात कुणी मला विचारलं नव्हतं, हे घर कसं वाटलं म्हणून. आता दिवसातून चारदा विचारतात."

गाल लाल झाले होते त्यांचे. माझ्यामुळं त्यांचं किती बरं चाललंय, असं वाटून गेलं. उगाच ताठ झाले जरा.

११ एप्रिल

मिळालं!! उत्तरेकडे, दोन खोल्या, खिडकीतून टेकडी. मालक "हो" म्हणाला. उद्या सही.

१२ एप्रिल

गेलं. बँकेतल्या एका जोडप्यानं भाव वाढवून दिला. मालकानं फोनवर सांगितलं, समोर यायची हिंमत नाही. कामावर एक काच फोडली, तीही जवळचं-लांबचं दोन्ही दिसणाऱ्या महागड्या चष्म्याची, पुन्हा ऑर्डर करावी लागेल. मुकादमानं नुसता झाडू आणून ठेवला. तेच जास्त लागलं.

बसमध्ये विचार आला: त्याच्याकडे अख्खी खोली आहे. आईंचे गुडघे आहेत. मी कुणासाठी ओढतेय एवढं?

लगेच झटकला. मी आणि आई — झालं. घागर एकदा बुडली म्हणून काय विहीर आटत नाही.

(ही म्हण खरी आहे की आत्ताच मी केली? चालेल.)

१३ एप्रिल

रविवार. दिवसभर झोपले. आईंनी गरम सूप केलं, उशाशी आणून ठेवलं. ह्या बाईला सोडून कुठं जाऊ मी?

२९ एप्रिल

होऊनजाईलचा फोन: "ताई, शेवटच्या स्टॉपला याल का? पण नाकं मुरडू नका."

गेलो. बंद पडलेली सूतगिरणी, मागं कामगारांसाठी बांधलेली जुनी इमारत. भिंती हातभर जाड. जिना झिजून मधोमध खोलगट झालाय. इमारत सांभाळणारी बाई कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून पुढं, आम्ही मागं. मी नेहमीसारखी सुरुवात केली, "ह्या माझ्या सासूबाई, म्हणजे यांचा मुलगा —"

"कोण कुणाचं ते मला नका सांगू," किल्लीवाल्या बाई म्हणाल्या. "भाडं वेळेवर, आठवड्यातून एकदा जिना झाडायचा, आणि भांडायचं तर खिडक्या लावून. संपलं."

मला तर मिठी मारावीशी वाटली!

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाहेरची अंधारी, आतली उन्हानं भरलेली. नळाला पाणी धो धो. भाडं ऐकून मी दोनदा विचारलं. माझ्या एकटीच्या पगारात बसतं! आईंच्या पेन्शनला हात लावायला नको. जागेवर सही केली. मी हातानं भिंती मापत होते तोवर आई आणि किल्लीवाल्या बाई खाली गप्पा मारत बसल्या. चांगलं जमलं दोघींचं.

३० एप्रिल

आतली आईंना, बाहेरची मला. पलंग खिडकीशी, म्हणजे सकाळचं ऊन थेट गुडघ्यांवर. पडदे पिवळे. सगळं ठरवून टाकलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बघू."

बघू काय? ठरलंय!

९ मे

चिरंजीव स्वतः आला. चार वर्षांनी त्याच खुर्चीत. जाडा झालाय. "आई, चल. तुझी खोली रंगवून ठेवलीय." मी म्हटलं, "इथंही त्यांची खोली आहे, उन्हाची." मग आमची जुंपलीच. माझी खोली मोठी की तुझी, माझं ऊन की तुझा बगीचा. आई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होत्या, जसा काही बॅडमिंटनचा सामना. शेवटी उठल्या, त्याला डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, "शेवटची बस चुकेल तुझी."

तो गेला. मी जिंकले! आईंचा हात धरला तर गार होता. म्हणाल्या, "तुम्ही दोघंही ना, सारखेच आहात."

चेष्टेत म्हणाल्या असतील.

२३ मे

खोकी, दोऱ्या, धूळ. मालकीणबाई निरोपाला आल्या, आज मात्र बसल्या. आईंनी चहा केला. दोघी बराच वेळ एकमेकींचा हात धरून होत्या. मी हातातला टेप फाडत राहिले, मोठ्ठा आवाज करत.

सोमवारी नवं घर. म्हटलं नव्हतं का, सापडेल!

२६ मे

टेम्पोवाला वर चढत होता. पहिल्या मजल्यावर आई थांबल्या. "माझी बॅग इथंच ठेव रे," त्याला म्हणाल्या, आणि पर्समधून किल्ली काढली. स्वतःची. एक खोली. त्याच दिवशी घेतलीय त्यांनी, मी भिंती मापत होते तेव्हा. पेन्शनमध्ये बसते म्हणे.

"आई, हे काय? मी काही चुकले का?"

"नाही गं. वडिलांचं घर झालं, नवऱ्याचं झालं, मग तुझं. तो म्हणतो माझ्याकडे, तू म्हणतेस माझ्याकडे. मग मी 'माझ्याकडे' कधी म्हणायचं?" राग नव्हता. हसत होत्या. मग आत गेल्या, आणि दार लावून घेतलं.

वर येऊन उन्हाच्या खोलीत बसले. रिकाम्या. खूप रडले. मग तोंड धुतलं, खाली गेले आणि दार वाजवलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला. काय थाटात विचारलं!